पत्त्यात बसवलेला माणूस

दूरचित्रवाणी मालिकेतील पात्रांना टॅरोचे पत्ते वाटून देण्याचा एक खेळ शिकलेल्या तरुणांत आता चांगलाच रुळला आहे. मालिकेतला कर्ता बाप म्हणजे 'सम्राट', घर सोडून निघालेला मुलगा म्हणजे 'वेडा', कमी बोलणारा म्हातारा म्हणजे 'एकांतवासी', कारस्थानी स्त्री म्हणजे 'तलवारींची राणी', अशी ही वाटणी असते. वाटणीवर वाद होतात, आणि ते रंगतात. प्रकाशकांनाही यातला धंदा कळला आहे. २०१८ साली 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेच्या पात्रांचा अख्खा टॅरो अमेरिकेत छापून विकला गेला.

अशा करमणुकीची दखल या पानांनी का घ्यावी, असे एखादा कार्यकर्ता विचारील. प्रश्न रास्त आहे. पत्ते पाहून भविष्य सांगण्याबद्दल येथे काही लिहायचे नाही. असल्या विद्यांवर पोट भरणे भिक्खूला वर्ज्य आहे हे ब्रह्मजाल सुत्तात नोंदलेले आहे, आणि आपल्यापुरता तो विषय तेथेच संपतो. परंतु पात्राला पत्ता देणे हे भविष्यकथन नव्हे. ती एक प्रकारची समीक्षा आहे. ती करणाऱ्याला आपण समीक्षा करतो आहोत हे ठाऊक नसते एवढेच. आणि प्रत्येक समीक्षेच्या पोटात माणसाविषयीची एक कल्पना असते. या समीक्षेच्या पोटातली कल्पना अशी, की माणसाचा स्वभाव आधी ठरलेला असतो आणि त्याचे आयुष्य त्या स्वभावाचा केवळ विस्तार असते. ही कल्पना आपल्याला नवी नाही. आपल्या पूर्वजांच्या मानेवर ती वेगळ्या नावाने बसवण्यात आली होती. म्हणून ती एखाद्या चांगल्या मालिकेवर तपासून पाहणे गरजेचे वाटते.

त्यासाठी मी 'द वायर' ही अमेरिकन मालिका घेतो. एच.बी.ओ. वाहिनीवर २००२ ते २००८ या काळात पाच पर्वांत तिचे ६० भाग झाले. डेव्हिड सायमन हा बाल्टिमोरच्या वर्तमानपत्रातला माजी वार्ताहर आणि एड बर्न्स हा त्याच शहरातला माजी पोलीस व नंतर शाळाशिक्षक, अशा दोघांनी ती मुख्यतः उभी केली. बाल्टिमोरच्या काळ्या वस्त्या, मादक पदार्थांचा बाजार, पोलीस, गोदी, महापालिका, शाळा आणि वृत्तपत्र हे तिचे विषय. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉय यांना पत्र लिहिले होते, आणि १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील काळ्यांच्या संघटनेवरून घेतले. तेव्हा बाल्टिमोरच्या कोपऱ्यावर उभा असलेला काळा मुलगा आपल्या वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही.

१

आधी पत्त्यांविषयी. टॅरो ही अनादि काळापासून चालत आलेली गूढविद्या आहे, असा समज मुद्दाम पसरवलेला आहे. वस्तुतः पंधराव्या शतकात उत्तर इटलीत तो एक पत्त्यांचा खेळ म्हणून जन्मला. नेहमीच्या चार रंगांच्या कॅटला हुकमाच्या पत्त्यांची एक जादा रांग आणि एक 'वेडा' जोडला गेला. त्यात बादशहा होता, पोप होता, दैवचक्र होते, मृत्यू होता. लोक ते पिसत, वाटत, हात करीत, पैसे लावीत. पुढची जवळजवळ साडेतीनशे वर्षे हे असेच चालले. १७८१ साली कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने आपल्या ग्रंथमालेच्या आठव्या खंडात जाहीर केले, की हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचा ज्ञानग्रंथ होय. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कोणालाच वाचता येत नव्हती. ती वाचण्याची किल्ली शांपोलियोंला सापडली १८२२ साली. म्हणजे वाचताच न येणाऱ्या लिपीच्या आधारे प्राचीनत्व सिद्ध झाले. कालची गोष्ट सनातन म्हणून कशी खपवली जाते, हे या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

हा सगळा इतिहास कागदपत्रांनिशी मांडला तो मायकेल डमेट या इंग्रज तत्त्वज्ञाने, १९८० साली. डमेट हे इंग्लंडमधील वंशद्वेषाविरुद्धच्या चळवळीत वर्षानुवर्षे उतरलेले गृहस्थ होते. पत्त्यांच्या गूढतेचा बुरखा फाडणारा माणूस आणि कातडीच्या रंगावरून माणूस ठरवण्याला विरोध करणारा माणूस एकच असावा, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

टॅरोच्या चार रंगांचीही एक कथा आहे. पेले, तलवारी, नाणी आणि काठ्या हे ते रंग. पेले म्हणजे धर्मगुरू, तलवारी म्हणजे सरदार, नाणी म्हणजे व्यापारी आणि काठ्या म्हणजे शेतकरी-कष्टकरी, असे स्पष्टीकरण पुष्कळ पुस्तकांतून दिले जाते. चार रंगांत चार वर्ण! इतिहास मात्र निराळेच सांगतो. ही चार चिन्हे इजिप्तच्या मामलुक राजवटीतील पत्त्यांवरून युरोपात आली. तेथे काठीच्या जागी पोलो खेळण्याची दांडी होती. युरोपात तो खेळ अपरिचित होता, म्हणून तिची साधी काठी झाली. चार वर्गांची कथा मागाहून चिकटवण्यात आली. वाटणी आधी होते, तिला तत्त्वज्ञान नंतर मिळते.

आणखी एक बारकावा. जुन्या फ्रेंच पत्त्यांत 'न्याय' आठवा आहे आणि 'सामर्थ्य' अकरावे. आज जगभर चालणाऱ्या इंग्रजी पत्त्यांत ही दोन्ही स्थाने अदलाबदल केलेली आहेत, कारण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या एका गूढवादी मंडळाला हा क्रम राशींशी जुळवून घ्यायचा होता. ज्या क्रमाला विश्वाचा क्रम म्हणायचे, तो मंडळाच्या बैठकीत बदलता येतो. मग माणसाच्या क्रमाविषयी काय बोलावे!

२

आता मूळ आक्षेपाकडे वळू. तो माझा नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, परंतु प्रत्यक्ष न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी 'गुणांवर आधारलेले चातुर्वर्ण्य' या आर्यसमाजी युक्तिवादाचा समाचार घेतला. जन्माऐवजी गुण पाहून चार वर्ण करू, असा तो युक्तिवाद होता. बाबासाहेबांनी त्याची सांगड प्लेटोशी घातली. प्लेटोनेही माणसांचे स्वभाव पाहून त्यांना तीन वर्गांत टाकले होते. बाबासाहेबांचे म्हणणे असे, की माणसे इतकी परस्परभिन्न आहेत आणि एकाच माणसात इतक्या वृत्ती नांदतात, की त्यांना मोजक्या कप्प्यांत कायमचे कोंडणे हे माणसाविषयीच्या अज्ञानाचे लक्षण आहे. पुढे जाऊन ते सांगतात, की असे कप्पे आपोआप टिकत नाहीत. ते टिकवण्यासाठी शिक्षेची तरतूद करावी लागते. शंबुकाची कथा ते येथे आठवतात.

टॅरोचा पुरस्कर्ता म्हणेल, आमचे कप्पे चार नाहीत. मुख्य पत्ते २२ आणि एकूण ७८ आहेत. परंतु कप्प्यांची संख्या वाढवल्याने आक्षेप सुटत नाही. जाती तर हजारो होत्या. त्यामुळे त्यांच्यात माणूस मोकळा झाला नाही. आक्षेप कप्प्यांच्या संख्येवर नसून कप्पा माणसाच्या आत आहे असे समजण्यावर आहे.

'द वायर'च्या पहिल्या पर्वात हा शिक्षेचा मुद्दा जवळजवळ जसाच्या तसा दिसतो. डीअँजेलो बार्क्सडेल हा मादक पदार्थांच्या टोळीप्रमुखाचा पुतण्या. वस्तीतल्या एका जुन्या कोचाभोवती बसून तो बोडी आणि वॉलेस या दोन पोरांना बुद्धिबळ शिकवतो. राजा राजाच राहतो, प्यादी लवकर मरतात, असे तो आपल्या धंद्याच्या भाषेत त्यांना समजावतो. बोडीला प्यादे शेवटच्या घरात पोचले तर काय होते एवढेच जाणून घ्यायचे असते. पुढे वॉलेस हा सोळा वर्षांचा मुलगा एका खुनाने हादरतो, धंद्यातून बाहेर पडू पाहतो, गावी जातो आणि परत येतो. त्याला गोळी घालायचे काम टोळी बोडीवर आणि दुसऱ्या एका मित्रावर सोपवते. डीअँजेलोही बाहेर पडू पाहतो. तो तुरुंगात मारला जातो. कप्पा सोडणाऱ्याला देहदंड.

या वॉलेसला कोणता पत्ता द्यावा? बहुतेकजण एखादा कोवळा, भोळा पत्ता देतील. परंतु मालिकेत एक साधे दृश्य आहे. ओसाड घरात चोरून वीज घेऊन वॉलेस पाच-सहा अनाथासारख्या लहान मुलांना सांभाळतो. सकाळी तो त्यांना उठवतो, प्रत्येकाच्या हातात खाऊचे पाकीट आणि रसाचा डबा देतो, शाळेत पिटाळतो आणि मग स्वतः मादक पदार्थ विकायला जातो. हे आईचे काम आहे. टॅरोत आईचा पत्ता आहे, 'सम्राज्ञी'. तिच्याभोवती पिकलेले शेत आणि झाडी असते. तो पत्ता या काळ्या पोराला द्यायचे कोणाला सुचणार नाही. कारण त्याला पत्ता देताना आपण त्याचे काम पाहत नाही, त्याची जागा पाहतो आणि त्या जागेला त्याचा स्वभाव म्हणतो.

मालिकेला ही गोष्ट ठाऊक आहे. स्ट्रिंगर बेल हा टोळीचा कारभारी. पोलीस अधिकारी मॅक्नल्टी वर्षानुवर्षे त्याच्या मागावर असतो. तिसऱ्या पर्वात स्ट्रिंगर मारला गेल्यावर मॅक्नल्टी त्याच्या घरात शिरतो. घर नीटनेटके असते, कपाटात पुस्तके असतात आणि त्यांत ॲडम स्मिथचे अर्थशास्त्र असते. स्ट्रिंगर रात्रीच्या वर्गाला जाऊन अर्थशास्त्र शिकत होता, हे प्रेक्षकाला आधीच माहीत आहे. आपण ज्याचा पाठलाग करीत होतो तो नेमका कोण होता, असा प्रश्न मॅक्नल्टीला तेथे पडतो. त्याच्या मनात एक पत्ता तयार होता. घरात राहणारा माणूस त्यात मावत नव्हता.

३

तथापि सर्व पत्ते सारखेच निरुपयोगी आहेत असे म्हणून मोकळे होणे योग्य नव्हे. पत्ते बदलत गेले आहेत, आणि त्या बदलांत एक दिशा आहे. ती दिशा पाहिली म्हणजे आपल्या समीक्षेला खरे हत्यार मिळते.

'वेडा' हा पत्ता घ्या. मिलानच्या सरदार घराण्यासाठी पंधराव्या शतकात हाताने रंगवलेल्या कॅटमध्ये तो फाटक्या कपड्यांतला, केसांत पिसे खोचलेला, हातात सोटा घेतलेला भणंग आहे. त्याच काळातल्या दुसऱ्या एका कॅटमध्ये पोरे त्याच्याभोवती जमली आहेत आणि दगड उचलत आहेत. पुढच्या फ्रेंच पत्त्यांत एक जनावर त्याच्या पायांशी झोंबते आणि त्याची विजार फाटलेली दिसते. खेळातही त्याची जागा वेगळीच होती. त्याला क्रमांक नाही, रंग नाही. तो हात जिंकू शकत नाही. पण सहसा मारलाही जात नाही. गावाबाहेरच्या माणसाचे इतके नेमके चित्र मी तरी दुसऱ्या खेळात पाहिलेले नाही.

१९०९ साली लंडनच्या विल्यम रायडर प्रकाशनाने आर्थर एडवर्ड वेट या गूढवाद्याच्या मार्गदर्शनाखाली जो टॅरो छापला, त्यात हा भणंग नाहीसा झाला. त्याच्या जागी कड्याच्या टोकाशी उभा, भरजरी अंगरखा घातलेला, हातात पांढरे फूल धरलेला देखणा तरुण आला. आज 'वेडा' म्हणजे निरागसता, नवी सुरुवात, मोकळे मन, असे जे सांगतात ते या चित्रावरून. दारिद्र्य पुसले आणि त्याच्या जागी अध्यात्म बसवले.

'द वायर'मधल्या बबल्सला हा पत्ता सहज दिला जाईल. बबल्स हा व्यसनी, ढकलगाडीवर सटरफटर विकणारा, गोड बोलणारा, पोलिसांचा खबऱ्या. पहिल्या पर्वात तो टोप्या विकण्याच्या मिषाने ज्या माणसाच्या डोक्यावर लाल टोपी ठेवतो, त्याचे पोलीस लांबून छायाचित्र घेतात. त्याला 'निरागस' म्हणणे म्हणजे आज्ञाधारक कष्टकऱ्याला 'भोळाभाबडा' म्हणण्यासारखे आहे. चौथ्या पर्वात दुसरा एक व्यसनी त्याला रोज गाठून मारतो, लुबाडतो. बबल्स ज्या पोलिसाला बोलावतो, तो येत नाही. हा बबल्स १९०९ च्या पत्त्यात बसत नाही. तो पंधराव्या शतकातल्या पत्त्यात बसतो, ज्यात दगड आहेत. म्हणजे पत्ता चुकला असे नव्हे. पत्त्यावरचा माणूस खोडून टाकलेला आहे.

पाचव्या पर्वात बबल्स व्यसन सोडतो. बहीण त्याला तळघरात राहू देते, पण वरच्या घराचे दार त्याच्यासाठी बंद असते. शेवटच्या भागात काही क्षणांचे एक दृश्य येते: बबल्स जिना चढून वर येतो आणि बहिणीच्या घरच्या टेबलाशी जेवायला बसतो. कोणी काही बोलत नाही. ज्याच्या आजोबाला लोकांच्या अंगणात वरून पाणी ओतून पाजले गेले, त्याला या दृश्याचा अर्थ शब्दकोशात शोधावा लागत नाही. 'नवी सुरुवात' म्हणायची तर ती ही. आणि ती बबल्सच्या स्वभावातून उगवलेली नाही. दार उघडावे लागले. ते उघडण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती होता.

'उलटा टांगलेला माणूस' या पत्त्याचीही तीच गत. इटलीत त्याला 'द्रोही' म्हणत. द्रोह करणाऱ्याचे, कर्ज बुडवणाऱ्याचे असे उलटे टांगलेले चित्र भर चौकात भिंतीवर रंगवून त्याची विटंबना करण्याची तेथे रीत होती. १९०९ च्या पत्त्यात त्याच टांगलेल्या माणसाच्या डोक्याभोवती तेजोवलय आले आणि चेहरा शांत झाला. आता त्याचा अर्थ आहे आत्मसमर्पण, त्याग, नवी दृष्टी. शिक्षा सोसणाऱ्यालाच शिक्षेची हौस होती, असे म्हणण्याची ही सभ्य तऱ्हा आहे.

डीअँजेलोला हा पत्ता देण्याचा मोह होईल, कारण तो टोळीसाठी तुरुंगात वीस वर्षांची शिक्षा स्वीकारतो. दुसऱ्या पर्वात त्याचा गळा पट्ट्याने आवळून खून होतो, आणि त्याने गळफास घेतला असे दृश्य मांडून ठेवले जाते. तुरुंगाच्या नोंदीत ती आत्महत्या ठरते. मॅक्नल्टी पुढे कागदपत्र आणि जागा पाहून तो खून असल्याचे ओळखतो. ज्याला आपण त्यागाचा पत्ता देतो, त्याच्या बाबतीत आपण तुरुंगाच्या नोंदीवर सही करीत असतो. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला, तेव्हा देशभरच्या विद्यार्थ्यांनी त्याला 'संस्थात्मक हत्या' म्हटले. ते शब्द एका चुकीच्या नोंदीला दिलेले उत्तर होते. नाव देणे ही किरकोळ गोष्ट नसते, ती अशी.

४

या पत्त्यांची चित्रे काढणाऱ्या हाताविषयी बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९०९ च्या टॅरोला 'रायडर-वेट' असे नाव पडले. एक प्रकाशक, एक लेखक. चित्रे काढली पामेला कोलमन स्मिथ या स्त्रीने. बालपणाचा काही काळ तिने जमैकात काढला होता. तेथील काळ्या लोकांच्या अनान्सी कोळ्याच्या कथा तिने १८९९ साली संग्रहरूपाने प्रसिद्ध केल्या होत्या. काही महिन्यांत तिने पत्त्यांची सगळी चित्रे पुरी केली. मोबदला ठरीव आणि थोडा मिळाला. पुढे हा टॅरो जगातला सर्वांत प्रसिद्ध टॅरो झाला. १९५१ साली कॉर्नवॉलमधील एका लहान गावात ती गरिबीत वारली, आणि तिच्या चीजवस्तू कर्जापोटी गेल्या. तिचे नाव पत्त्यांच्या नावात जोडण्याची रीत अलीकडची आहे.

ही केवळ अन्यायाची नोंद नाही. आपल्या विषयाशी तिचा थेट संबंध आहे. तोवरच्या बहुतेक टॅरोंत चार रंगांच्या साध्या पत्त्यांवर नुसती चिन्हे असत: पाच नाणी म्हणजे पाच नाणी. स्मिथने या ५६ पत्त्यांवरही माणसांचे प्रसंग रंगवले. मालिकेतील पात्रांशी पत्ते जुळवण्याचा आजचा खेळ शक्य झाला तो या कामामुळे. आणि तिच्या प्रसंगचित्रांकडे लक्षपूर्वक पाहिले, तर त्यांतली पुष्कळ चित्रे स्वभावाची नाहीत. ती माणसामाणसांतील संबंधांची आहेत.

'नाण्यांचा सहावा' पाहा. श्रीमंत वेषातला एक माणूस उभा आहे. त्याच्या एका हातात तराजू आहे, दुसऱ्या हाताने तो नाणी टाकतो आहे. दोन भिकारी गुडघे टेकून हात पसरून बसले आहेत. पुस्तकांत अर्थ दिलेला असतो 'औदार्य'. चित्र मात्र अधिक प्रामाणिक आहे: कोण उभा आहे, कोण गुडघ्यावर आहे आणि तराजू कोणाच्या हातात आहे, हे ते स्पष्ट दाखवते.

चौथ्या पर्वात बाल्टिमोरच्या शाळाखात्यात ५.४ कोटी डॉलरची तूट निघते. नवा महापौर कार्केटी राज्यपालाकडे जातो. पैसे मिळू शकतात. पण त्यासाठी हात पसरावा लागेल, आणि पुढे स्वतः राज्यपाल होण्याच्या त्याच्या बेताला त्याने धक्का बसेल. कार्केटी पैसे नाकारतो. वर्तमानपत्री भाषेत याला स्वाभिमान म्हणता येईल. पण गुडघे टेकायला नकार दिला महापौराने, आणि उपाशी राहिली शाळा. तराजू राज्यपालाच्या हातात, मान महापौराचा आणि भूक मुलांची, असा हा तिपेडी संबंध आहे. कार्केटीला 'सम्राट' म्हणून यातले काहीच कळत नाही. 'नाण्यांचा सहावा' समोर धरला तर सगळे कळते, आणि चित्रात कोण दाखवायचे राहून गेले तेही कळते.

त्याच शाळेत ड्यूकी नावाचा मुलगा आहे. घरचे व्यसनी, त्याला आणलेले कपडेसुद्धा विकून टाकतात. अंगाला वास येतो म्हणून वर्गातली मुले त्याची टर उडवतात. प्रेझबिलेव्स्की हा पोलीस खात्यातून शिक्षकी पेशात आलेला माणूस त्याच्यासाठी शाळेतच अंघोळीची आणि कपडे धुण्याची सोय करतो. ड्यूकी संगणकावर चटकन हात बसवतो, फुलू लागतो. तेवढ्यात वरिष्ठ त्याला वर्षाच्या मध्येच वरच्या शाळेत ढकलतात, कारण नियमाप्रमाणे जागा मोकळी करायची असते. तो त्या शाळेच्या पायरीपर्यंत जातो आणि परत फिरतो. पाचव्या पर्वाच्या अखेरीस तो सुई टोचून घेताना दिसतो. 'नाण्यांचा पाचवा' या पत्त्यावर बर्फात चाललेली दोन फाटकी माणसे आहेत, एक अनवाणी, एक कुबड्यांवर. आणि त्यांच्या डोक्यावर चर्चची उजळलेली रंगीत खिडकी आहे. चित्रात दार मात्र कोठेही नाही. आपल्यापैकी जे शिक्षक आहेत, त्यांनी हा पत्ता ड्यूकीला देण्याआधी खिडकीच्या आतल्या बाजूला कोण बसले आहे याचा विचार करावा.

म्हणून माझी सूचना अशी, की खेळायचेच असेल तर पात्राला पत्ता देऊ नये, प्रसंगाला द्यावा. 'हा कोण आहे' असे न विचारता 'येथे कोण कोठे उभा आहे आणि त्याला तेथे कोणी उभे केले' असे विचारावे.

५

मालिकेचीही एक मर्यादा सांगितली पाहिजे, नाहीतर ही समीक्षा एकतर्फी होईल. शेवटच्या भागात 'द वायर' आपली स्वतःचीच पत्तेवाटणी करते. ओमर लिटल हा टोळ्यांना लुटणारा एकांडा बंदूकधारी एका लहान पोराच्या गोळीने दुकानात मरतो. शहरातल्या वर्तमानपत्रात त्याच्या मृत्यूला एक ओळही मिळत नाही. शवागारात त्याच्या देहावर दुसऱ्याच माणसाची चिठ्ठी लागलेली असते. मग मायकेल हा शाळेतला मुलगा बंदूक घेऊन ओमरच्या जागी उभा राहतो, आणि ड्यूकी बबल्सच्या जागी. माणसे बदलतात, जागा तशाच राहतात. दैवचक्र फिरते.

येथे स्वभावाच्या जागी संस्था आली, ही मोठीच प्रगती आहे. पण नियती तशीच राहिली. चार मुलांपैकी एक, नेमंड, वाचतो. तो वाचतो कारण कॉल्विन हा निवृत्त पोलीस अधिकारी त्याला आपल्या घरी नेतो. एका भल्या माणसाने एकाला उचलून घ्यावे आणि बाकीच्यांनी चक्रावर फिरावे. जागा बदलण्यासाठी माणसे एकत्र येतात, ही शक्यता साठ भागांत जवळजवळ कोठे दिसत नाही. वास्तविक बाल्टिमोर हे थर्गूड मार्शल यांचे जन्मगाव. शाळांतील वर्णभेदाविरुद्धचा खटला १९५४ साली जिंकणारे आणि १९६७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले काळे न्यायमूर्ती झालेले ते हेच. आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये फ्रेडी ग्रे हा काळा तरुण पोलिसांच्या ताब्यात जखमी होऊन मरण पावला, तेव्हा याच शहरातील माणसे रस्त्यावर उतरली. मालिकेतल्या कोपऱ्यांवरून दिसत नव्हती, ती ही माणसे.

आपल्या साहित्याने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे, आणि त्याचे मोल येथे नीट कळते. प्रस्थापित मराठी कथा-कादंबरीने दलित पात्राला दिलेले पत्ते मोजकेच होते: इमानी, दारूडा, दीनवाणा, उपकृत. १९७८ साली 'बलुतं' आले, आणि त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगू लागला. एकाच माणसाचे दोन झाले, आणि ते एकमेकांशी बोलू लागले. अशा माणसाला पत्ता देणार कसा? बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये सोसणारी सूनच पुढे सासू होऊन दुसरीला सोसायला लावते. तेथे दुष्ट स्वभावाची बाई नाही. एक जागा आहे, आणि तिच्यात आलटून पालटून बसणाऱ्या बाया आहेत. परंतु हे लिहिणारी बाई त्या जागेतून उठली आहे, लिहिते आहे, आणि आपण कशाने उठलो तेही सांगते आहे: बाबासाहेबांच्या चळवळीने. 'द वायर'ला जे सापडले नाही, ते तिला सापडले होते.

तरुण मित्रांनी पत्ते खेळू नयेत, असे मी म्हणणार नाही. ज्यांच्या घरात स्वतःबद्दल बोलण्याची भाषा कधी नव्हती, त्यांना एखाद्या पात्रातून, एखाद्या चित्रातून ती भाषा मिळत असेल तर ती त्यांनी जरूर घ्यावी. फक्त खेळाचा मूळ नियम त्यांनी विसरू नये. इटलीतल्या ज्या माणसांनी हे पत्ते प्रथम हातात घेतले, ते प्रत्येक डावाला ते पिसत होते. मागच्या डावात ज्याच्याकडे बादशहा आला, त्याच्याकडे या डावात तो येईलच असे नव्हते. पुढे गूढवाद्यांनी खेळ थांबवला आणि पत्ता माणसाच्या अंगात चिकटवला. तो सोडवून पुन्हा टेबलावर ठेवणे, आणि वाटणारा कोण हे विचारणे, एवढे काम आपल्या समीक्षेने अंगावर घेतले पाहिजे.